मफलर विणू नका

नव्याने विणकाम शिकणाऱ्या माणसाला सगळीकडून एकच सल्ला मिळतो. आधी मफलर विण. हात बसला की टोपी, मग मोजे, आणि दोन-तीन वर्षांनी जमलंच तर स्वेटर. मावशी हेच सांगते, लोकरीच्या दुकानातले काका हेच सांगतात, यूट्यूबवरच्या बहुतेक 'नवशिक्यांसाठी'च्या प्लेलिस्ट इथूनच सुरू होतात. ऑनलाइन मिळणारं 'बिगिनर किट' उघडलं तर आत दोन सुया, दोन गुंडे आणि मफलरचाच कागद.

हा सल्ला नुसता कंटाळवाणा नाही, चुकीचा आहे. ज्याला स्वेटर विणायचा आहे त्याने पहिल्या दिवसापासून स्वेटरच विणायला घ्यावा. स्वतःच्या मापाचा, पूर्ण बाह्यांचा, थंडीत अंगात घालून बाहेर पडता येईल असा. मी तसंच शिकले. पण मला जमलं म्हणून तुम्हालाही जमेल, असला युक्तिवाद मी करणार नाही. मफलरचा सल्ला साध्या हिशेबातच टिकत नाही. आणि तरीही तो टिकून आहे, याचं कारण विणकामात नाही. विणकामाकडे आपण कसं बघतो, त्यात आहे.

आधी हिशेब

मध्यम जाडीची लोकर घ्या आणि 4 मिलिमीटरची सुई. साधारणपणे 10 सेंटिमीटर रुंदीत 20 टाके बसतात. सुलट विणीत 10 सेंटिमीटर उंचीला 28 ओळी लागतात. मफलर मात्र नवशिके दोन्ही बाजूंनी सुलट टाके घालूनच विणतात. त्या विणीत ओळी एकमेकींना चिकटून बसतात, त्यामुळे 10 सेंटिमीटरला साधारण 40 ओळी लागतात.

आता 25 सेंटिमीटर रुंद आणि 160 सेंटिमीटर लांब मफलर धरा. रुंदीला 50 टाके, लांबीला 640 ओळी. एकूण 32,000 टाके.

छातीला 100 सेंटिमीटर भरेल असा स्वेटर घ्या. त्याचा हिशेब पुढे सविस्तर देते, इथे फक्त बेरीज सांगते. गळ्यापासून बगलेपर्यंत साधारण 12,000, बगलेखालचं अंग 22,400, दोन्ही बाह्या मिळून 13,600. म्हणजे सुमारे 48,000 टाके.

मफलरमध्ये स्वेटरच्या दोन-तृतीयांश टाके आहेत. मिनिटाला 20 टाके पडले तर मफलरला जवळपास 27 तास लागतात आणि स्वेटरला 40. 'सुरुवातीला काहीतरी छोटं कर' म्हणून जी वस्तू हातात दिली जाते, ती छोटी नाहीच. फक्त सपाट आहे.

आणि त्या 27 तासांत शिकायला काय मिळतं? टाके घालणं, सुलट टाका, फार तर उलट टाका, शेवटी टाके बंद करणं. पहिल्या दीड-दोन हजार टाक्यांत हाताला हे सगळं कळतं. सुई कशी धरायची, लोकर कोणत्या बोटावरून घ्यायची, किती ओढायची, हे तिथवर ठरून जातं. उरलेले 30,000 टाके नवं काहीच शिकवत नाहीत. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. प्रोग्रॅमिंग शिकणारा प्रत्येक जण पहिला प्रोग्रॅम लिहितो तो पडद्यावर 'हॅलो वर्ल्ड' उमटवण्याचा. तो एकदा लिहितात आणि पुढे जातात. 32,000 वेळा लिहायला कुणी सांगत नाही.

अवघड आणि अनोळखी

स्वेटरला घाबरण्याचं कारण एकच. तो अवघड दिसतो. पण त्यात मफलरपेक्षा जास्त काय आहे याची यादी करा. टाके वाढवणं. टाके घटवणं. गोल विणणं. काही टाके बाजूला दोऱ्यावर काढून ठेवणं आणि नंतर परत सुईवर घेणं. माप घेणं. संपलं. यातली एकेक गोष्ट दहा-पंधरा मिनिटांत शिकता येते, कारण प्रत्येकीच्या पोटात तोच जुना सुलट टाका आहे. दोन टाके एकत्र विणले की एक घटला, एका टाक्यातून दोन काढले की एक वाढला. हे अवघड नाही, अनोळखी आहे. अवघड गोष्टीला सराव लागतो. अनोळखी गोष्ट एकदा करून बघितली की ओळखीची होते. मफलरचा सल्ला देणारे या दोन्हींची गल्लत करतात आणि अनोळखीला घाबरून माणसाला वर्षभर ओळखीच्याच जागी बसवून ठेवतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मफलर चुकूच शकत नाही. तो 22 सेंटिमीटर रुंद झाला काय आणि 28 झाला काय, गळ्याभोवती गुंडाळला की झालं. म्हणजे तुमचं काम बरोबर आहे की नाही हे सांगणारी कुठलीही कसोटी त्यात नाही. स्वेटरला ती आहे: तुमचं स्वतःचं अंग. बाही आखूड झाली तर मनगट सांगतं. गळा घट्ट झाला तर डोकं अडकतं. ज्या कामात चूक कळतच नाही, त्या कामातून शिकणार काय?

स्वेटर होतो कसा

'दोन पल्ले विणायचे, दोन बाह्या विणायच्या, मुंढ्याचा आकार काढायचा, मग सगळं सुईदोऱ्याने जोडायचं' ही स्वेटरची जुनी कृती आहे, आणि ती नवशिक्याला खरंच छळते. तुकडे नीट होतात, जोडणीत वाट लागते. पण ही एकच पद्धत नाही. स्वेटर गळ्यापासून खाली, एकसंध, कुठेही न जोडता विणता येतो. बार्बरा वॉकर या अमेरिकन लेखिकेचं 'निटिंग फ्रॉम द टॉप' हे अख्खं पुस्तक याच पद्धतीवर आहे, आणि ते 1972 सालचं आहे. त्याच्या आदल्या वर्षी, 1971 मध्ये, एलिझाबेथ झिमरमनचं 'निटिंग विदाउट टिअर्स' आलं. झिमरमन मूळच्या इंग्लंडच्या, आयुष्य काढलं अमेरिकेत. त्यांनी जिला 'टक्क्यांची पद्धत' म्हणता येईल ती रुजवली. छातीचे टाके म्हणजे 100 टक्के. बाकी सगळे आकडे त्याच्या प्रमाणात. गळा 40 टक्के, बाहीचा वरचा घेर 33 ते 35, मनगट 20, बगलेचे 8.

हे टक्के घेऊन आपला स्वेटर मांडू. समजा छाती 90 सेंटिमीटर आहे. थोडा सैल हवा म्हणून स्वेटर 100 सेंटिमीटरचा धरू. 10 सेंटिमीटरला 20 टाके, म्हणजे छातीला 200. त्यावरून गळा 80, बाही 68, मनगट 40, प्रत्येक बगलेत 16. एवढे चार आकडे म्हणजे तुमच्या स्वेटरचा अख्खा आराखडा. कुणाचाही पॅटर्न विकत घ्यावा लागत नाही.

गळ्याचे 80 टाके घाला, सैलच, नाहीतर डोकं आत जाणार नाही. ते गोल जोडा आणि दोन-तीन सेंटिमीटर एक सुलट एक उलट अशी बॉर्डर विणा. मग त्याचे चार भाग करा: पुढचे 36, मागचे 36, दोन बाह्यांचे 4-4. भागांच्या मध्ये चार खुणा करा, सेफ्टी पिनाही चालतात. आता एक ओळ साधी विणायची आणि पुढच्या ओळीत प्रत्येक खुणेच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवायचा, म्हणजे ओळीला 8. असं 24 वेळा केलं की पुढचे आणि मागचे 84-84 होतात, बाह्यांचे 52-52. खांद्याचा उतार आपोआप तयार होतो. या तिरक्या रेषेच्या बाहीला रॅग्लन म्हणतात, वॉटर्लूच्या लढाईत हात गमावलेल्या लॉर्ड रॅग्लन या ब्रिटिश सेनानीच्या नावावरून. तुमच्या कपाटात दुसऱ्या रंगाच्या बाह्यांचा क्रिकेटचा टी-शर्ट असेल तर बाहीची शिवण बघा, बगलेतून थेट गळ्यापर्यंत गेलेली असण्याची शक्यता बरीच आहे.

न वाढवता आणखी दहाएक ओळी विणल्या की बगल येते. बाह्यांचे टाके वेगळ्या दोऱ्यावर काढून ठेवा. दोन्ही बगलांत 16-16 नवे टाके घाला. 84, 84, 16 आणि 16 मिळून 200. आकडा जुळला. आता हवी तितकी लांबी येईपर्यंत गोल गोल विणत जायचं. 40 सेंटिमीटरला 112 ओळी, शेवटच्या काही बॉर्डरच्या. मग बाहीचे 52 परत सुईवर घ्या, बगलेतले 16 उचला, 68 झाले. दर 8 ओळींनी 2 टाके घटवायचे, असं 14 वेळा. 40 उरले की मनगटाची 5 सेंटिमीटरची बॉर्डर. टाके बंद. दुसरी बाही तशीच.

सबंध स्वेटर गोल विणला जात असल्यामुळे सगळे टाके सुलटच पडतात. उलट टाका लागतो तो फक्त बॉर्डरला. शिवणकाम जवळपास शून्य. आणि सगळ्यात मोठी सोय ही, की काम चालू असताना कधीही स्वेटर अंगात घालून बघता येतो. टाके लांब दोऱ्यावर काढले आणि डोक्यातून चढवला. खांदे बसतात का? बगल खाली तर जात नाही? बाही अजून किती हवी? उत्तर अंगावरच मिळतं, सगळं झाल्यावर नाही, मधल्या टप्प्यावर. घर बांधताना पायापासून सुरुवात करतात. इथे वरून खाली यायचं, आणि म्हणूनच नवशिक्याला ते सोपं जातं.

एकच छोटी वस्तू

स्वेटरच्या आधी काहीतरी छोटं विणाच, असा आग्रह असेल तर ते एकच: नमुन्याचा चौकोन. त्याच लोकरीने, त्याच सुईने, 15 सेंटिमीटरचा. तो धुवा, सपाट वाळवा, आणि मधल्या 10 सेंटिमीटरमधले टाके मोजा. गोल विणताना हात थोडा वेगळा चालतो, त्यामुळे बगलेपर्यंत आल्यावर एकदा स्वेटरवरही मोजून घ्या.

मफलरचा सल्ला देणारे हे क्वचित सांगतात, कारण मफलरला याची गरजच पडत नाही. पण विणकामातलं खरं ज्ञान इथे आहे. 10 सेंटिमीटरला 20 ऐवजी 22 टाके पडत असतील, तर 200 टाक्यांचा स्वेटर 100 नव्हे, साधारण 91 सेंटिमीटरचा होतो. 90 सेंटिमीटरच्या छातीवर तो कातडीसारखा चिकटेल. 18 पडत असतील तर 111. दोन टाक्यांच्या फरकाने स्वेटर धाकट्या बहिणीचा होतो किंवा काकांचा. तुमचा हात घट्ट असणं किंवा सैल असणं हा दोष नाही, तो एक आकडा आहे. तो मोजायचा आणि हिशेबात घालायचा. 22 पडत असतील तर छातीला 200 ऐवजी 220 टाके धरा आणि सगळे टक्के पुन्हा काढा. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

सामानाचंही सांगून टाकते. 4 मिलिमीटरची, 80 सेंटिमीटर दोरीची सर्क्युलर सुई घ्या, म्हणजे दोन आखूड सुया मधे लवचीक दोरीने जोडलेल्या. दुकानात जुने नंबर चालत असतील तर 4 मिलिमीटर म्हणजे 8 नंबर. त्या मोजणीत नंबर मोठा तशी सुई बारीक. 10 नंबर मागितलात तर 3.25 मिलिमीटरची मिळेल. लोकर 400 ते 500 ग्रॅम. आपल्याकडे ॲक्रिलिकलाही 'लोकर'च म्हणतात, तेव्हा लेबल वाचा. रंग फिका आणि एकच घ्या. काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाके दिसत नाहीत, आणि नवशिक्याला टाके दिसणं सगळ्यात गरजेचं. सगळी लोकर एकदम घ्या, एकाच लॉटची. महिन्याभराने आणलेला तोच रंग तोच असेल याची खात्री नसते.

'पण नवशिके सोडून देतील'

हा मुख्य आक्षेप आहे आणि तो प्रामाणिक आहे. मोठं काम अंगावर घेतलं, मधे काहीतरी बिघडलं, माणूस वैतागला, सुया माळ्यावर गेल्या. असं होतं. पण माळ्यावर काय पडलंय ते बघा. निम्म्यावर सोडलेले मफलर तिथे किती आहेत? लोक विणकाम सोडतात ते अवघड गेलं म्हणूनच नाही. पंधराव्या तासाला पहिल्या तासासारखंच काम हातात असतं, आणि पुढे काय होईल याची उत्सुकता उरत नाही, म्हणूनही सोडतात. स्वेटरमध्ये आठवड्याला काहीतरी घडतं. खांदा झाला. बगल सुटली. बॉर्डर आली. एक बाही झाली.

आणि बिघडलं तर? शिवणकामात कापडावर कात्री चुकीची चालली की ते कापड गेलं. विणकामात उसवता येतं. दोरा ओढला की ओळ सुटते, लोकर परत गुंड्यावर. तुमचा वेळ जातो, माल जात नाही. ज्यांना उसवायची भीती वाटते त्यांच्यासाठी साधी युक्ती आहे: दर वीसेक ओळींनी सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवायचा. पुढे काही बिघडलं तर त्या दोऱ्यापर्यंत बिनधास्त उसवा, टाके तिथेच थांबतात. गेम खेळणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. हा सेव्ह पॉइंट आहे. इतकी माफ करणारी हस्तकला दुसरी क्वचितच असेल, आणि हिच्याचबद्दल आपण नवशिक्याला घाबरवून ठेवतो.

'आपल्याकडे थंडीच कुठे असते' हा दुसरा आक्षेप. मुंबईकरांनी म्हणावा. पुण्यात, नाशकात, नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे स्कूटरवरून जाणाऱ्याने म्हणू नये. आणि ज्या ऑफिसांत मे महिन्यातही लोक खुर्चीला जॅकेट अडकवून ठेवतात, तिथे तर मुळीच नाही. फार गरम होत असेल तर सुती धाग्याचा विणा, हिशेब तोच.

'विकतचा स्वस्त पडतो' हा तिसरा. पडतोच. यंत्राशी हाताने स्पर्धा करण्याचा प्रश्न केव्हाच निकालात निघाला; विणायचं पहिलं यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली याने 1589 च्या सुमाराला बनवलं. तुमच्या अंगात आत्ता टी-शर्ट असेल तर मोबाइलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन झूम करा. 'व्ही' आकाराचे एकात एक अडकलेले बारीक टाके दिसतील. तो सुलट टाकाच आहे, यंत्राने घातलेला. पैसे वाचवायचे म्हणून विणू नका. पण किमतीचा मुद्दा निघालाच आहे तर पूर्ण काढू. हाताने विणलेल्या स्वेटरला 40 तास लागतात. तासाला 100 रुपये म्हटलं तरी मजुरीच 4,000, लोकर वेगळी. आता प्रदर्शनात स्टॉल लावून बसलेल्या बाईंशी स्वेटरसाठी घासाघीस करणाऱ्यांची आठवण करा. 'काकू, लोकर कितीची लागते मला माहितीये' असं म्हणणारे आपणच. लोकरीची किंमत आपल्याला माहीत असते, तासांची नसते. एक स्वेटर स्वतः विणला की ती कळते. मफलर विणून कळत नाही, कारण 'दोन सुया घेऊन टीव्हीसमोर बसलं की होतं' हा समज मफलर आणखी पक्का करतो.

हा सल्ला मरत का नाही

इथे मुद्द्यावर येते. मफलरचा सल्ला हिशेबात टिकत नाही, शिकवण्यात टिकत नाही, तरी चालू आहे. कारण विणकामात शिकण्यासारखं काही आहे, असं आपल्याला मुळात वाटतच नाही. तो टाइमपास आहे. हल्ली त्याला जरा बरं नाव मिळालंय, माइंडफुलनेस. मी विणते हे कळलं की ऑफिसातला पहिला प्रश्न असतो, 'रिलॅक्सिंग असेल ना?' दुसरा, 'मला एक करून देशील?' घरच्या समारंभात एखादी आत्या कौतुकाने म्हणते, 'चला, इंजिनिअर झाली तरी घरकामाची आवड आहे.' सगळे प्रेमाने बोलतात. पण यातल्या एकालाही विचारावंसं वाटत नाही की गळ्याच्या 80 टाक्यांचे छातीला 200 कसे झाले. हाच हिशेब मी एक्सेलच्या शीटमध्ये मांडून दाखवला की चेहरे बदलतात. शीट तीच, आकडे तेच. फक्त लोकर दिसेनाशी झालेली असते.

ज्यात डोकं लागत नाही असं मानलं जातं, त्याच्या नवशिक्याला डोकं न लागणारं कामच देणार. मफलर त्या समजाला चपखल बसतो: सरळ, सपाट, न संपणारा, मन शांत करणारा. मला मन शांत करायचं नाहीये, मला स्वेटर हवाय.

हे ज्ञान कमी दर्जाचं ठरलं ते विणकामाच्या स्वभावामुळे नाही. युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांत विणकाऱ्यांचे व्यावसायिक संघ होते, त्यात बहुतांशी पुरुष होते, आणि तिथे उमेदवारी करून, कौशल्य सिद्ध करून उस्ताद व्हावं लागे. पेरू देशात टिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर आजही सुयांवरचं विणकाम पुरुष करतात आणि मुलगे ते लहानपणीच शिकतात. तिथल्या वस्त्रकलेला युनेस्कोने 2005 मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशातली श्रेष्ठ कृती म्हणून जाहीर केलं. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या प्रेक्षकांत बसून टॉम डेली हा सुवर्णपदक विजेता ब्रिटिश डायव्हर विणत होता, तर ती जगभर बातमी झाली. आपल्याकडे लोकलच्या लेडीज डब्यात बायकांनी वर्षानुवर्षं विणलं, तेव्हा कुणाची मान वळली नाही. तेच काम संघाने केलं तर व्यवसाय, विजेत्याने केलं तर बातमी, आणि घरातल्या बाईने केलं तर 'बसल्या बसल्या काहीतरी'.

आणि गंमत अशी, की त्या बसल्या बसल्या विणणाऱ्या बायकांनी सुरुवात मफलरने केली नव्हती. माझी आजी विणायला शिकली ती भाच्याच्या बाळंतविड्यासाठी. टोपडं, मोजे आणि स्वेटर. तान्ह्या बाळाच्या स्वेटरला गळा असतो, दोन बाह्या असतात, पुढे बटणं असतात, बटणांची काजी असतात. म्हणजे सगळं असतं, फक्त लहान. घरात बाळ यायचं होतं आणि कामाला तारीख होती, म्हणून ती खऱ्या वस्तूवरच शिकली. तिला कुणी 'आधी वर्षभर पट्टी विण' म्हणालं नाही. तिच्या पिढीकडून घरच्यांना खरी वस्तू हवी असायची. आपल्याकडून कुणाला काही नकोय, आपण फक्त रिलॅक्स व्हायचंय. तुमच्या घरात आत्ता बाळ येणार असेल तर जरूर त्याच्या स्वेटरने सुरुवात करा, मी अडवणार नाही. नसेल, तर स्वतःचं अंग आहेच.

स्वतःच्या अंगासाठी विणणं ही चैन नाही. दुकानातला कपडा एस, एम, एल अशा तीन-चार खोक्यांत बनतो आणि आपण त्यात स्वतःला बसवतो. बाही लांब झाली की दुमडतो, खांदे उतरले की 'ओव्हरसाइज्ड' म्हणतो, पोटावर ताणला की वजन कमी करायचं ठरवतो. बसला नाही तर आपल्याला दोष अंगाचा वाटतो, कपड्याचा नाही. 200 टाक्यांचा हिशेब स्वतः मांडला की हे नातं उलटतं. डावा खांदा थोडा खाली आहे, हात लांब आहेत, छाती 90 आहे नाहीतर 118 आहे: या तक्रारी राहत नाहीत, मोजमापं होतात, आणि कपडा त्यांच्या मागे येतो. पहिल्या स्वेटरची बॉर्डर थोडी वाकडी असेल, एखादी ओळ सैल असेल. पण तो ज्या अंगासाठी मांडला होता त्या अंगाला बसेल.

तेव्हा मावशीला नमस्कार करा, काकांकडून लोकर घ्या, आणि दोघांचाही सल्ला तिथेच ठेवून या. घरी येऊन टेप काढा. छाती मोजा, त्यात 10 मिळवा. चौकोन विणा, धुवा, वाळवा, टाके मोजा. येणाऱ्या आकड्याचे 40 टक्के काढा.

तेवढे टाके घाला. सैल.